नक्षी शाबूत, टायर म्हातारा

मुलुंडहून एका ताईंचं पत्र आलंय. लांबलचक आहे, मोजक्या ओळी देतो.

«दादा, ह्यांच्या निवृत्तीनंतर २०२२ मध्ये आम्ही आणि धाकट्या दिरांनी मिळून एक जुनी कॅरॅव्हान घेतली. गाडीच्या मागे जोडून ओढायची, चार चाकांची. वर्षातून दोन-तीनदा बाहेर काढतो, एरवी सोसायटीच्या आवारात उभी असते. यंदा मे महिन्यात तारकर्लीहून परत येताना लोणेरेजवळ डावीकडचा मागचा टायर फुटला. स्टेपनी लावून निघालो, तर वीस-बावीस किलोमीटरवर, माणगावच्या पुढे इंदापूरजवळ त्याच बाजूचा पुढचा टायर फुटला. सिंकचा पाइप तुटला, खालची वायरिंग उखडली. टेम्पोचा एक जुना टायर मिळवून रात्री दीडला घरी पोचलो. पंक्चरवाला म्हणाला, नक्षी नव्यासारखी आहे, खड्ड्यानं फुटला असणार. ह्यांचं म्हणणं, फुटले तेवढे दोन बदलू, बाकीचे चांगले आहेत, जेमतेम सहा हजार किलोमीटर पळालेत. दीर म्हणतात, कुर्ल्याहून वापरलेले आणतो, कशाला पैसे घालवायचे. दिवाळीत नातवंडांना घेऊन समृद्धीवरून लोणारला जायचं ठरलंय आणि मला आतापासून झोप नाही. माझी भीती उगाच आहे का? टायरचे फोटो सोबत पाठवतेय.»

ताई,

तुमची भीती उगाच नाही. आधी उत्तर देतो, मग कारणं. चारही टायर आणि स्टेपनी, पाचच्या पाच बदला. ते होईपर्यंत कॅरॅव्हान सोसायटीच्या फाटकाबाहेर काढू नका.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी तिसरा सगळ्यात कामाचा आहे. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तुमच्या टायरवर २३१८ आहे. म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा, जूनची सुरुवात. लोणेरेला फुटला तेव्हा तो टायर सात वर्षांचा व्हायला आला होता. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच अंगाला असतात आणि ते अंग नेमकं आत, चासीकडे बसवलेलं असतं. तुम्ही खाली चटई टाकून, टॉर्च धरून तो फोटो काढलात हे पत्रावरून कळलं. मनापासून सांगतो, तुमच्या घरात आत्तापर्यंत टायरकडे नीट बघितलंय ते तुम्हीच.

आता भाऊजींचा मुद्दा. सहा हजार किलोमीटर म्हणजे टायर नवाच की, असं कुणालाही वाटेल. कारण आपण टायर बघायला शिकलो ते रोज पळणाऱ्या गाड्यांवर. मुलुंड ते फोर्ट रोज जाणाऱ्या गाडीचा टायर म्हातारा होण्याआधीच घासून गोटा होतो. रिक्षाचं, टॅक्सीचं तर बोलायलाच नको. त्यामुळे नक्षी बघितली की झालं, ही सवय आपल्या हाडात मुरलीय. कायदासुद्धा तेवढंच बघतो: मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोल नक्षी हवी. तुमच्या टायरची खाच त्याच्या कितीतरी पट खोल दिसतेय. पण खाच किती किलोमीटर झाले ते सांगते, रबराचं वय सांगत नाही. कॅरॅव्हानचे टायर घासून जात नाहीत, उभ्या उभ्या संपतात.

उभं राहणं हेच टायरचं दुखणं आहे. टायरच्या रबरात एक मेणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. टायर फिरतो, दबतो, ताणला जातो, तेव्हा ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि ऊन, हवेतला ओझोन यांच्यापासून रबराचं रक्षण करतं. टायर दहा महिने एकाच जागी उभा राहिला की ते मेण वर येतच नाही. वरून आपलं मुंबईचं ऊन, खारा दमट वारा, पावसाळ्यात चाकाखाली साचलेलं डबकं. रबर कोरडं पडतं, कडक होतं, बाजूवर केसांसारख्या बारीक भेगा पडतात. आणि ताई, गाडी धुणारी मुलं टायरवर जे चकचकीत पॉलिश मारतात ना, ते कॅरॅव्हानच्या टायरला अजिबात लावू देऊ नका. तेलकट पॉलिशनं हे संरक्षक द्रव्य निघून जातं, आणि वरच्या चकाकीखाली भेगा दिसेनाशा होतात. साबणाचं पाणी आणि फडकं पुरे.

बाहेरची भेग निदान दिसते. आतलं दिसत नाही. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात, एकावर एक, आणि त्यांना धरून ठेवतं ते रबरच. वय आणि उष्णता मिळून ती पकड सुटते. मग एके दिवशी, भरधाव असताना, वरचा नक्षीचा पट्टा केळ्याच्या सालीसारखा सोलून निघतो आणि चाकाबरोबर गरगर फिरत खालच्या सगळ्या सामानाला चाबकासारखा झोडपतो. तुमचा सिंकचा पाइप तुटला तो तसा. पहिल्या फोटोत टायरच्या दोन्ही बाजू बऱ्यापैकी धड आहेत, फक्त वरचा पट्टा गायब आणि तारा लोंबतायत. खड्ड्यानं फुटलेला टायर असा दिसत नाही. त्याला एका ठिकाणी घाव असतो, आतून बघितलं तर फुलीसारखा नाहीतर चांदणीसारखा फाटलेला. पंक्चरवाल्याला दोष देत नाही. त्याच्याकडे दिवसभर खड्ड्याचीच गिऱ्हाइकं येतात. पण हा खड्डा नव्हे.

मग हा टायर त्या दिवशीच का गेला? तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय, मी ते तीनदा वाचलं. “हवा निघतानाच पेट्रोल पंपावर गाडीबरोबरच भरली, सगळीकडे ३५.”

ताई, इथेच सगळं आहे. तुमच्या टायरवर भार निर्देशांक ८६ आहे, म्हणजे एका टायरनं पेलायचं वजन ५३० किलो. पण ते पूर्ण दाबाला, आणि त्याच टायरवर कमाल दाब ६५ पीएसआय छापलाय. पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप, पंपावरचे ३५ तेही ह्याच मापातले. हा मालवाहू जातीचा एलटी टायर आहे, छोट्या टेम्पोला असतो तसा. त्यात ३५ हवा भरली की ढोबळ हिशोबानं तो साडेतीनशे किलोही नीट पेलत नाही. पंपावरच्या पोराची चूक नाही, त्याच्यासमोर दिवसभर मोटारीच येतात, त्याचा हात ३५ वरच जातो. हवा कमी म्हणजे टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबते आणि परत सुटते. लोखंडी तार हातात घेऊन भराभर मागेपुढे वाकवली की कशी तापते, तसंच. मे महिन्याची दुपार, तापलेला रस्ता, आत सात वर्षांचं रबर. त्यात तुमचं सामान: शंभर लिटरची पाण्याची टाकी भरलेली म्हणजे तिचंच शंभर किलो, बॅटरी, गॅसची शेगडी, एसी, भांडीकुंडी. फोटोत स्वयंपाकाचा ओटा आणि टाकी दोन्ही डावीकडेच दिसतायत. टायर फुटले तेही डावीकडचेच.

दुसरा टायर वीस-बावीस किलोमीटरवर का गेला, हे आता सांगायला नकोच, पण सांगतो, कारण भाऊजी “दोन बदलू” म्हणतायत त्याचं उत्तर ह्यातच आहे. एका बाजूला दोन चाकं. मागचं फुटलं त्या क्षणापासून तुम्ही थांबेपर्यंत त्या बाजूचं जवळजवळ सगळं ओझं पुढच्या एकट्या टायरवर आलं. आधीच कमी हवेनं तापलेल्या, तेवढ्याच वयाच्या टायरवर. तिथेच त्याच्या आतले पट्टे सुटले. बाहेरून काही दिसलं नाही, म्हणून तुम्ही स्टेपनी लावून निघालात. ते नशीब फिरणं नव्हतं. म्हणून दोन धुऱ्यांच्या गाडीचा नियम असा की एक फुटला तर त्याच बाजूच्या जोडीदारावर भरवसा ठेवायचा नाही. आणि उजवीकडचे दोन? तेही त्याच आठवड्यात जन्मलेले, त्याच ३५ हवेवर तारकर्लीपर्यंत जाऊन आलेले. स्टेपनीवरही २३१८ आहे. न वापरलेली स्टेपनी नवी नसते, तीही त्याच उन्हात उभी होती.

धाकट्या भाऊजींना माझा नमस्कार सांगा आणि कुर्ल्याचा बेत रद्द करा. तिथल्या सीएसटी रोडच्या जुन्या मालाच्या बाजारात गाडीचा दरवाजा मिळेल, आरसा मिळेल, दिवा मिळेल, सगळं खुशाल आणा. टायर नको. वापरलेला टायर किती दिवस कमी हवेवर पळाला, कधी किती ओझं वाहिलं, हे तो टायर सांगत नाही आणि विकणाराही सांगू शकत नाही. रबर चढवलेले रिमोल्ड टायर तर कॅरॅव्हानला नकोच नको.

नवे घेतानाही डोळे उघडे ठेवा. सायनला माझं स्वतःचं टायरचं दुकान होतं, पुढे ते बंद केलं. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मुलीच्या गाडीला टायर घ्यायला मी दुसऱ्याच्या दुकानात गेलो. बिल, वॉरंटी, कागदाचं वेष्टण, सगळं नवंकोरं. गप्पांच्या नादात तारीख बघायची राहिली. घरी येऊन बघतो तर टायर चार वर्षांपूर्वीचा, गोदामात पडून राहिलेला. सत्तावीस वर्षं हाच धंदा केलेल्या माणसाकडून हे झालं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सांगतो, डिस्कवर, म्हणजे चाकाच्या लोखंडी रिमवर, चढवण्याआधी पाचही टायरची तारीख दुकानातच बघा. सहा महिन्यांच्या आतले मागा. देत नसतील तर पुढच्या दुकानात जा. बिलावर ते आकडे लिहून घ्या.

माप तेच घ्या, भार निर्देशांक ८६ पेक्षा कमी नको, जास्त चालेल. मोटारीचा टायर त्याच मापात स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, त्याच्या बाजू मऊ असतात. पाचही एकाच बनावटीचे. डिस्क ६५ च्या दाबाला चालते ना, हे दुकानदाराला बघायला सांगा. टायरबरोबर व्हॉल्व्हही बदला, आणि ते धातूचे घ्या. रबरी व्हॉल्व्ह इतक्या दाबाला अगदी काठावर असतात, टायर नवा आणि व्हॉल्व्ह जुना असेल तर हवा तिथून जाते. बॅलन्सिंग करून घ्या. पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर पाना घेऊन नट पुन्हा आवळा, नव्या फिटिंगमध्ये ते थोडे सैल होतात.

हवेसाठी पंपावर जाऊ नका. टेम्पो-ट्रकच्या टायरवाल्याकडे जा, त्याचा कॉम्प्रेसर एवढा दाब देतो. स्वतःचा दाबमापक घ्या. सकाळी निघण्यापूर्वी, ऊन पडण्याआधी, टायर थंड असताना छापलेल्या दाबाइतकी हवा भरा. वाटेत तापल्यावर दाब वाढलेला दिसेल. घाबरून हवा सोडू नका, ती वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. नायट्रोजन भरायचा तर भरा, तो थोडा सावकाश निघतो एवढंच. म्हाताऱ्या टायरला तो तरुण करत नाही.

आणि एकदा वजनकाट्यावर जा. हे मी प्रत्येक कॅरॅव्हानवाल्याला सांगतो आणि फार थोडे जण करतात. सहलीला निघतो तसं सगळं भरून, टाकीसकट, आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त डावी चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या. काटेवाला कुरकुरेल, त्याला समजावून सांगा. डावी बाजू जड निघाली तर जड खोके उजवीकडे हलवा, आणि टाकी घरून भरून नेण्यापेक्षा मुक्कामाजवळ भरा.

किती वर्षांनी बदलायचे, हे तुम्ही विचारलंय. मोटारीच्या टायरला दहा वर्षं ही शेवटची मर्यादा धरतात आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी सांगतात. उभ्या राहणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या कॅरॅव्हानला मी तेवढी सूट देत नाही. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी, मोठ्या सहलीआधी, चाकं काढून बघायची. पाचव्या वर्षी बदलायचे, नक्षी कितीही सुंदर असो. सहावं वर्ष लागू द्यायचं नाही. वर्ष मोजायचं ते टायरवरच्या आकड्यापासून, बिलाच्या तारखेपासून नाही.

बघायचं कसं? चाक जमिनीपासून उचला. तळहात नक्षीवर सपाट ठेवा आणि दुसऱ्या हातानं चाक सावकाश फिरवा. हाताला कुठे उंचवटा लागला, नक्षीची ओळ कुठे नागमोडी झाली, तर आतले पट्टे सुटायला लागलेत. मग बोटं आतल्या बाजूवरून फिरवा, जिथे कुणी बघत नाही तिथून. फुगा आलेला बोटांना आधी कळतो, डोळ्यांना नंतर. शेवटी खाचेच्या तळाशी नख घालून बघा, भेगेत नख अडकलं तर तो टायर गेला. पाच चाकांना अर्धा तास लागतो.

आवारात उभी करताना चाकांखाली जाड फळ्या घाला म्हणजे डबक्यात राहणार नाहीत. हवा पूर्ण ठेवा. पश्चिमेचं ऊन येणाऱ्या बाजूच्या चाकांवर पांढरं जाड कापड टाका. महिन्यातून एकदा दोघा-तिघांनी मिळून हातभर पुढे ढकला, एकाच जागी भार नको. पावसाळाभर हलणारच नसेल तर चासीखाली स्टँड लावून चाकं अधांतरी ठेवणं उत्तम.

आता लोणार. जा, जरूर जा, नातवंडांना ते सरोवर दाखवाच. समृद्धी २०२५ च्या जूनच्या ५ तारखेपासून पूर्ण सुरू झालाय, ७०१ किलोमीटर, तुम्हाला मेहकरला उतरायचंय. रस्ता मोकळा, सरळ, काँक्रीटचा. त्यामुळेच तो टायरची परीक्षा बघतो. कोकणात वळण येतं, गाव येतं, खड्डा येतो, आपोआप वेग मोडतो आणि टायरला श्वास मिळतो. इथे तासन्‌तास एकच वेग. सुरुवातीच्या काळात टायर फुटून इतके अपघात झाले की वाहनं आत सोडण्याआधी टायर तपासायची वेळ आली. मोटारीला तिथे १२० ची मुभा आहे, पण तुमच्या मागे कॅरॅव्हान आहे. भाऊजींना ८० च्या वर काटा नेऊ देऊ नका. दर शंभर किलोमीटरला सोयीची जागा बघून थांबा आणि चारही टायरजवळ हात न्या. एकच इतरांपेक्षा जास्त तापला असेल तर त्याची हवा गेलीय, किंवा ब्रेक घासतोय, किंवा बेअरिंग गेलंय. त्या चाकाकडे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. व्हॉल्व्हवर बसणारे दाबाचे सेन्सर मिळतात, पडदा गाडीत लावायचा. ते घ्याच. कॅरॅव्हानचा टायर बसला तरी ओढणाऱ्याला पुष्कळदा काहीच कळत नाही, लोणेरेला तुम्हालाही मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारून सांगितलं.

आणि कधी फुटलाच तर भाऊजींनी ब्रेकवर पाय द्यायचा नाही. स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, वेग आपसूक उतरू द्यायचा आणि मग कडेला. मुलांना रेलिंगच्या पलीकडे उभं करा, चाक बदलतोय तिथे नाही.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवलीय, कारण ती आजच करायची आहे. पाचव्या फोटोत उजवीकडचा पुढचा टायर आहे. त्याच्या नक्षीची मधली ओळ बघा, एकसारखी येते आणि व्हॉल्व्हच्या समोर वीतभर अंतरात डावीकडे झुकून परत सरळ होते. फोटो मोठा करून मी बराच वेळ बघितला. सावली नाही ती. आतला पट्टा तिथे सुटलाय. त्या टायरवर कॅरॅव्हान टायरवाल्याकडे ओढत नेऊ नका. जॅक लावून चाकं आवारातच उतरवा, डिस्क टेम्पोत घालून दुकानात न्या आणि नवे टायर चढवून आणा. मुलं आवारात खेळतात म्हणालात, तोवर त्या बाजूला त्यांना फिरकू देऊ नका. नवे बसले की पाचही तारखांचे फोटो मला पाठवा, मी बघतो.